किडनी बदलली, माणूस ठणठणीत झाला. मग गोळ्या बंद करायच्या का?

दाभोळ (ता. दापोली) : किडनी बदलून माणूस मुंबई-पुण्याहून गावी आला की पहिले काही महिने सगळं घर त्याच्या दिमतीला असतं. तोंडाला मास्क, उकळलेलं पाणी, घड्याळ बघून गोळ्या. मग वर्ष सरतं. माणूस बाजारात जायला लागतो, जेटीवर दिसायला लागतो, पायाची सूज गेलेली असते. आणि खरी गोम इथंच आहे. 'आता मला काही होत नाही, मग एवढ्या गोळ्या कशाला?' असं वाटायला लागतं. बसवलेली किडनी काही वर्षांनी निकामी होण्याची जी कारणं आहेत, त्यातलं एक मोठं आणि टाळता येण्यासारखं कारण म्हणजे या गोळ्या चुकवणं.

शरीर विसरत नाही

नवी किडनी पोटाच्या खालच्या भागात बसवतात. जुन्या दोन्ही बहुतेक वेळा जागेवरच राहतात. बाहेरून आलेली वस्तू दिसली की तिच्यावर तुटून पडायचं, हे आपल्या शरीरातल्या राखणदार पेशींचं काम. किडनी सख्ख्या आईची असली तरी त्यांच्या लेखी ती परकीच.

जगातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेत बोस्टन इथं झालं. डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिक याची किडनी त्याचा भाऊ रिचर्ड याला बसवली. दोघं हुबेहूब जुळे, म्हणून शरीरानं ती परकी मानली नाही. आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ मध्ये प्रयत्न झाला आणि १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात यश आलं. पण हुबेहूब जुळा भाऊ कितीजणांना असणार? बाकी सगळ्यांना राखणदार पेशींना आवर घालणारी औषधं घ्यावी लागतात. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन ही त्यातली नेहमीची नावं. ती किडनी चालू आहे तोवर, म्हणजे जन्मभराची.

गोळी चुकली म्हणून लगेच काही दुखत नाही, फसगत होते ती यामुळेच. आत किडनीवर हल्ला सुरू झालेला असतो आणि माणूस मजेत जेवत असतो. हे कळतं रक्तातल्या क्रिएटिनीनवरून. म्हणून बरं वाटत असलं तरी तपासणी चुकवायची नाही. टॅक्रोलिमसची पातळी बघायला रक्त द्यायचं असेल तेव्हा सकाळची गोळी आधी घ्यायची नाही, रक्त दिल्यावर घ्यायची.

किती वर्षं टिकते?

जिवंत दात्याची किडनी साधारण १२ ते २० वर्षं आणि मेंदूमृत दात्याची ८ ते १२ वर्षं चालते, असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. काहींची त्याहून कितीतरी जास्त चालते. किडनी थकलीच तर डायलिसिस किंवा दुसरं प्रत्यारोपण हा मार्ग असतो.

पण धोका फक्त किडनीला नसतो. या औषधांमुळे साखर आणि रक्तदाब वाढू शकतो, त्यातून हृदयविकार. क्षयरोगासारखे आजार लवकर पकडतात. त्वचेच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. शिवाय ज्या आजारानं पहिल्या किडन्या गेल्या, तो नवीलाही गाठू शकतो. रिचर्ड हेरिकच्या नव्या किडनीत जुनाच आजार परतला आणि आठ वर्षांनी तो गेला. म्हणून मधुमेह, बीपी ताब्यात ठेवणं आणि तंबाखू सोडणं हेही औषधाइतकंच गरजेचं.

आपल्या भागात काय सांभाळायचं?

- काढा, झाडपाला नको. 'प्रतिकारशक्ती वाढवतो' म्हणून कोणी गुळवेलीचा काढा देईल. इथं तर तीच शक्ती आवरून धरायची आहे. मायेनं दिलेला काढाही घात करू शकतो.
- पपनस खाऊ नका. गणपतीत घरोघरी असतं, पण त्यानं टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढू शकते.
- कालवं, तिसऱ्या, मासे नीट शिजवूनच खा. अर्धंकच्चं नको.
- लावणीच्या दिवसांत चिखलात उतरणं टाळा, लेप्टोचा धोका असतो. उतरावंच लागलं तर गमबूट घाला आणि जखम झाकून ठेवा.
- अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर घेऊ नका. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किडनीला मारक. दुसऱ्या आजारासाठी गेलात तरी 'माझी किडनी बदललेली आहे' हे डॉक्टरांना आधी सांगा. काही अँटिबायोटिक आणि क्षयाच्या औषधांनी टॅक्रोलिमसची पातळी खालीवर होते.
- गोळ्यांचा साठा पंधरा दिवस पुरेल इतका जादा ठेवा. पावसात रस्ता बंद झाला, फेरीबोट थांबली तर ऐनवेळी कुठून आणणार?
- डोस चुकला तर दोन डोस एकदम घेऊ नका. प्रत्यारोपण केंद्राला फोन करून विचारा.

ताप आला, लघवी कमी झाली, पाय सुजले, वजन एकाएकी वाढलं किंवा किडनी बसवलेल्या जागी दुखलं, तर सकाळची वाट बघू नका.

पैशाचं काय?

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत किडनी शस्त्रक्रियेची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख करण्यात आली. पण औषधांचा खर्च दर महिन्याला येतच राहतो. त्यामुळे काहीजण एक दिवसाआड गोळी घेतात, नाहीतर स्वस्त म्हणून दुसऱ्या कंपनीची आणतात. हे परस्पर करू नका. पैसे कमी पडत असतील तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्यात लाज कसली? स्वस्त औषध लावून, रक्ततपासणी करून बदल करता येतो. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागातही विचारा.

आणि घरातल्या त्या दुसऱ्या माणसाला विसरू नका. किडनी देणारी बहुतेकदा आई किंवा बायको असते. तिचाही बीपी, लघवी आणि क्रिएटिनीन वर्षातून एकदा तपासायला हवं. तिच्याकडे आता एकच किडनी आहे. दुसरी तुमच्या पोटात आहे, आणि ती सांभाळणं सकाळ-संध्याकाळच्या त्या गोळ्यांवर आहे.