रिव्हॉल्व्हर, पिस्तूल आणि कपाटाची किल्ली

नागपूरच्या माणसाला दारूगोळ्याचे अप्रूप नसते. गावाला लागून अंबाझरीची आयुध निर्माणी, पूर्वेला भंडाऱ्याजवळ जवाहरनगरची, दक्षिणेला भद्रावतीची, आणि वर्ध्यापलीकडे पुलगावला लष्कराचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार. ३१ मे २०१६ च्या रात्री पुलगाव पेटले, २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या निर्माणीत स्फोट झाला. दोन्ही वेळा इथल्या किती घरांतून आधी नातेवाइकांना फोन गेले असतील, ते मोजायला नको. पण तोफगोळ्यांच्या या मुलखात नागरिकाच्या हातातले साधे रिव्हॉल्व्हर बनत नाही. ते कानपूरहून येते, आणि पिस्तूल कोलकात्याकडून. त्यामुळे शस्त्र परवाना हातात पडला की भला शहाणा नागपूरकरही एकदम नवशिका होतो.

माझा एक मित्र गेल्या वर्षी असाच नवशिका झाला. काटोलकडे त्याचा संत्र्याचा बगीचा आहे, राहायला नागपुरात. आंबिया बहाराच्या पैशांच्या दिवसांत घरात रोकड असते, बगिच्यावर रात्री-बेरात्री जावे लागते, एकदा रखवालदाराला मारहाणही झाली होती. अर्ज, प्रशिक्षणाचा दाखला, पोलीस चौकशी, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे विचारपूस असे सगळे सोपस्कार होऊन परवाना मिळाला. मी बरीच वर्षे नेमबाजीच्या मैदानावर जातो, म्हणून स्वारी माझ्याकडे आली.

"एकच घ्यायचं आहे," तो म्हणाला. "घराच्या रखवालीलाही व्हावं अन् रविवारी निशाणी लावायलाही. रिव्हॉल्व्हर घेऊ का पिस्तूल? तू सांगशील ते."

प्रश्न दिसतो तेवढा मोकळा नाही. सिनेमातली ती मोठमोठी पिस्तुले, ९ मिलिमीटरची किंवा .४५ ची, आपल्याकडे सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. कारण साधे आहे. ज्या शस्त्रात सैन्या-पोलिसांची गोळी बसते, ते नागरिकाच्या घरी नको, असे इंग्रजांपासून चालत आलेले धोरण शस्त्र कायदा १९५९ आणि त्याखालच्या नियमांनी पुढे चालू ठेवले. सरकारी कोठारातून काडतुसे पळवून उपयोग होऊ नये, हा हेतू. शिवाय १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी हातशस्त्रांची खासगी आयातही बंद झाली; नामांकित नेमबाजांना तेवढी सवलत. म्हणून कुणा आजोबांचे जुने विलायती वेब्ली नातवाच्या नावावर करताना जमिनीच्या वाटणीइतकी चर्चा होते, आणि विकायला निघाले तर किंमत ऐकून घाम फुटतो. बाकीच्यांच्या वाट्याला उरतो तो .३२ बोअर. त्यातही २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. माझ्या मित्राला तर एकच हवे होते.

आता या दोघांचे स्वभाव पाहू.

कानपूरचे .३२ रिव्हॉल्व्हर मूळ वेब्लीच्या घाटणीचे. खटका दाबला की बिजागरीवर नळी खाली झुकते, सिलिंडर उघडे पडते आणि सहा घरे डोळ्यांसमोर येतात. भरलेले आहे की रिकामे, हे बघायला अक्कल लागत नाही. वजन पाऊण किलोच्या आत. त्याचे काडतूस अमेरिकेत १८९६ मध्ये निघाले, म्हणजे वयाने आपल्या पणजोबांच्या बरोबरीचे. नंतर याच कुटुंबात भर पडत गेली. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर महिलांसाठी म्हणून २०१४ मध्ये अर्ध्या किलोचे 'निर्भीक' आले. त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती; म्हणजे ज्या बाईला रात्रीच्या बसने घरी यावे लागते तिच्यासाठी ते नव्हतेच. २०२३ मध्ये 'प्रबळ' आले. त्याचे सिलिंडर बाजूला उघडते, बिजागरीचे जुने काम त्यात नाही.

पिस्तूल म्हणजे 'अशनी'. बोअर तोच .३२, पण काडतूस निराळे, आखूड. जॉन ब्राउनिंगने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेल्जियमच्या कारखान्यासाठी काढलेले. एकाचे काडतूस दुसऱ्यात चालत नाही, हे दुकानात शिरण्यापूर्वी पाठ करावे. पिस्तूल चपटे, कमरेला दिसत नाही, मॅगझिनमध्ये सहापेक्षा जास्त गोळ्या बसतात, आणि एक सुटली की दुसरी आपोआप जागेवर येते. मित्राचा जीव पिस्तुलातच अडकला होता, हे मला त्याच्या बोलण्यावरून कळले. हातात घेतल्यावर ते शोभते खरे.

पण पिस्तुलाला निगा लागते. सरकता भाग स्वच्छ हवा, स्प्रिंग ताजी हवी, काडतूस चांगले हवे. आपल्या मे महिन्यात पत्र्याखालच्या ट्रंकेत ठेवलेले आणि मग पावसाळ्याची ओल खाल्लेले काडतूस दगा देऊ शकते. रिव्हॉल्व्हरमध्ये असे झाले तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचे घर फिरून समोर येते. पिस्तुलात झाले तर सरकता भाग मागे खेचून ते काडतूस बाहेर काढायचे, आणि हे काम अंधारात, हात थरथरत असताना करायचे. ते हाताला वळण लागेपर्यंत शेकडो वेळा करावे लागते. आपल्याकडे तर वर्षाला किती काडतुसे घ्यायची हे परवान्यातच बांधून दिलेले. (खंडेनवमीला हळदकुंकू वाहताना ते पिस्तुलाच्या फटीत जाऊ देऊ नका, हे मी मुद्दाम सांगतो. लोक हसतात, पण मी ते साफ केलेले आहे.)

दुसरा मुद्दा याहून गंभीर. पिस्तुलातून मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, असे नवख्याला वाटते. एक गोळी नळीच्या तोंडाशी बसलेली राहू शकते. घरोघरच्या 'चुकून गोळी सुटली'च्या कहाण्यांत ही एक गोळी फार वेळा असते.

रिव्हॉल्व्हर निर्दोष आहे असे मात्र नाही. त्याचा चाप जड. घोडा आधी मागे ओढून ठेवला तर चाप हलका होतो, पण घाबरलेल्या माणसाने घोडा चढवून घरात फिरणे म्हणजे आपल्याच माणसाला धोका. जुन्या बनावटीत तर घोडा भरलेल्या काडतुसावर टेकलेला असताना शस्त्र खाली पडले तर बार होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे अभिनेते गोविंदा मुंबईत प्रवासाला निघण्याच्या गडबडीत स्वतःचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर ठेवत होते. ते हातातून पडले आणि गोळी पायाला लागली, असे तेव्हा सांगण्यात आले. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालचे घर रिकामे ठेवण्याची जुन्या लोकांची चाल होती, ती उगाच नव्हती. सहाऐवजी पाच गोळ्या, बस.

तेव्हा घरासाठी म्हणाल तर माझे मत रिव्हॉल्व्हरला. पण त्याची दुसरी अट, रविवारची निशाणी? तिला यातले एकही कामाचे नाही. तीन इंची नळी. पुढची माशी आणि मागची खाच यांत अंतरच नाही, हाताचा केसभर कंप पंचवीस मीटरवर वीतभर होतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतले, ते .२२ च्या स्पर्धेच्या पिस्तुलावर. गंमत म्हणजे सेंटर फायर प्रकारात पुष्कळ नेमबाज जे काडतूस वापरतात ते आपल्या कानपुरी रिव्हॉल्व्हरच्याच घरातले, .३२ चे, फक्त गोळीचे तोंड सपाट, म्हणजे कागदावर स्वच्छ भोक पडावे. जसपाल राणांनी १९९४ आणि २००६ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्ण घेतले ते याच प्रकारात. पण त्यांचे पिस्तूल लांब नळीचे, मूठ हाताच्या मापाने कोरलेली, चाप तोळामाशाने जुळवलेला. रात्री उशाशी ठेवायची वस्तू नव्हे ती.

मी मित्राला म्हटले, निशाणी शिकायची तर १० मीटरचे एअर पिस्तूल घे. .१७७ बोअरच्या आणि ठरावीक शक्तीच्या आतल्या एअर पिस्तुलाला २०१६ च्या नियमांप्रमाणे परवाना लागत नाही, छर्रे स्वस्त. त्याच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका साडेअकरा मिलिमीटरचा, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढा. श्वास, बोट आणि नजर या तिघांचे भांडण तिथेच मिटते. त्याला हे फारसे आवडले नाही. "पोराटोरांचं खेळणं देऊन राहिला तू मला," म्हणाला.

एवढा वेळ वहिनी आत चहा करत होत्या. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "भाऊजी, कोणतं घ्यायचं ते तुम्ही दोघं ठरवा. मला फक्त एवढं सांगा, ते ठेवायचं कुठं? अन् किल्ली कोणाकडे?"

घरात सात वर्षांचा नातू आहे. कपाटात काय आहे हे त्याला नेहमी मोठ्यांच्या आधी ठाऊक असते.

खरे सांगायचे तर या प्रश्नापुढे रिव्हॉल्व्हर-पिस्तुलाचा वाद लहान आहे. शस्त्र भरून उशाशी ठेवले तर चोरासाठी तयार, आणि नातवासाठीही. रिकामे करून कुलपात, काडतुसे वेगळी ठेवली तर नातू सुरक्षित. पण चोर दार फोडत असताना चष्मा, किल्ली, कपाट, काडतुसे या क्रमाने जावे लागते. अमेरिकेत आर्थर केलरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन परगण्यांतल्या घरांची तुलना करून त्यांनी मांडले की शस्त्र असलेल्या घरात खुनाचा धोका जवळजवळ पावणेतीन पट दिसतो, आणि मारणारा बहुधा घरचा किंवा ओळखीचा असतो. त्यावर तिकडे पुष्कळ वाद झाले. आकडा बाजूला ठेवला तरी घरातली भांडणे, दारू, परीक्षेचा निकाल, कर्जाची नोटीस या गोष्टी चोरापेक्षा जास्त वेळा घरी येतात, हे सांगायला अभ्यास लागत नाही. विदर्भात तर नाहीच नाही.

कायद्याचेही त्याला सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क जुन्या दंड संहितेसारखाच आहे. सूर्यास्तानंतर घर फोडून शिरणाऱ्याविरुद्ध तो प्रसंगी जीव घेण्यापर्यंत जातो, पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याची मुभा कुठेच नाही. पळणाऱ्या संत्रेचोराच्या पाठीत गोळी घातली तर तो बचाव ठरणे कठीण. आणि निवडणूक लागली की पुष्कळांना शस्त्र ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही निवडणुका झाल्या. तेवढे दिवस त्या घरांची रखवाली कुत्र्याने आणि कडीनेच केली.

आधी बगिच्यावर दिवे लागले. रखवालदाराला जोडीदार मिळाला. रोकड घरात ठेवणे बंद झाले. वहिनी बँकेत स्वतः जातात. मग कानपूरचे रिव्हॉल्व्हर आले, पिस्तूल नाही. भिंतीत पोलादी पेटी बसवली, तिची किल्ली मित्राच्या करदोड्याला. काडतुसे दुसऱ्या कुलपात, त्याची किल्ली वहिनींकडे. दोघांनी ठरवल्याशिवाय शस्त्र भरता येत नाही. रात्री अडीच वाजता हे जमेल का, असे मी विचारले. "नाही जमलं तर दार लावून ओरडू, शेजारी येतील, पोलिसांना फोन करू," वहिनी म्हणाल्या. मला यात खोट काढता आली नाही.

एअर पिस्तूलही आले आहे. रविवारी दोघे मैदानावर येतात, नातू रेषेमागच्या बाकावर बसतो. वहिनींचा हात मित्रापेक्षा स्थिर आहे. रिव्हॉल्व्हर मात्र घेतल्यापासून फार थोडे चालवले गेले, आणि हे मला पसंत नाही. जे शस्त्र घरात आहे ते हाताला ओळखीचे हवे. खरेदीच्या वेळची काडतुसे एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढून बसली आहेत. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी ती मैदानावर संपवायची आणि नवी घ्यायची, असे ठरले आहे. वहिनींनी कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करून ठेवली आहे.