रोपलेल्या केसांना शाम्पू कधी?

केस रोपून आलेला माणूस डोक्याला पाणी लावायलाच घाबरतो. ही भीती अगदीच खोटी नाही, पण तिला मुदत आहे. रॉबर्ट बर्नस्टीन आणि विल्यम रासमन या अमेरिकी डॉक्टरांनी रोपलेले केस मुद्दाम ओढून पाहिले आणि 2006मध्ये निष्कर्ष मांडले. पहिल्या दोन दिवसांत केस ओढला की मूळ उपटून येई. सहाव्या दिवशी नुसता केस ओढून ते हलेना. खपली ओढली तर मात्र त्यानंतरही धोका होता. नवव्या दिवशी मुळं पक्की बसलेली आढळली.

म्हणजे सांभाळायचं ते खपलीला, आणि डोकं कोरडं ठेवलं की तीच कडक होते, खाजते, नखं आपसूक तिकडे जातात. म्हणून बहुतेक सर्जन एक ते तीन दिवसांत पहिल्यांदा डोकं धुवायला सांगतात, पुढे आठ-दहा दिवस रोज एकदा. सौम्य शाम्पूचा फेस तळहाताने नुसता टेकवायचा, कोमट पाणी मगाने ओतायचं. शॉवरचा जोर नको. दहाव्या दिवसाच्या सुमारास बोटांच्या पेरांनी हलकेच चोळून खपल्या सोडवता येतात. मग आपली नेहमीची सवय. तुमच्या सर्जनने वेगळं सांगितलं असेल, तर तेच पाळा. महागडा खास शाम्पू हवाच, असं काही नाही.

दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात रोपलेले बरेच केस गळतात आणि बिचाऱ्या शाम्पूवर आळ येतो. गळतो तो फक्त वरचा केस. मूळ त्वचेतच राहतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवा केस उगवू लागतो.