ईशापूरची पाहुणी

भाच्याबरोबर टेक्सासमधल्या बंदुकीच्या दुकानात गेलो होतो. शिकारीला आणि नेमबाजीला चालेल अशी जुनी लष्करी रायफल त्याला हवी होती. एकीवर कोरले होते, ‘आर. एफ. आय.’ म्हणजे आपली ईशापूरची रायफल फॅक्टरी! १९६२च्या युद्धानंतर आलेली ही ७.६२ मिलिमीटरची जात. भारतात सामान्य नागरिकाला हा बोअर निषिद्ध.

“मामा, लाकूड बघा कसं चकाकतंय!”

बँकेत हयात गेलेला मी म्हणालो, “अरे, तारणाचा रंग बघू नये. नळीत गंज आहे का, बोल्टचा क्रमांक रायफलीशी जुळतो का, ते बघ.”

बोल्ट बदललेला असला तर काडतूस नीट बसेलच असे नाही. ते फुटले तर इजा चालवणाऱ्यालाच.

क्रमांक जुळले नाहीत. भाच्याने ती परत ठेवली. माझा हात मात्र तिच्यावरून निघेना. कुण्या जवानाने ती खांद्यावर वाहिली असेल?