जुलाब नाहीत, तरी मूल वाढत का नाही?

दोन वर्षांचे मूल वर्षभराचे दिसू लागले की घरात कारणांचा शोध सुरू होतो. कुणी म्हणते नजर लागली, कुणी म्हणते आईचे दूध पातळ आहे, कुणी बापाच्या उंचीकडे बोट दाखवते. सर्वांत जास्त बोलणी खाते ती मुलाची अम्मी. बुलढाणा जिल्ह्यातील गरीब वस्त्यांविषयी लिहिताना आम्हाला आधी हेच सांगायचे आहे, की पुष्कळदा दोष आईच्या दुधात नसतो. मुलाच्या आतड्यात काय चालले आहे, ते कुणी पाहिलेले नसते.

लहान आतड्याच्या आतून मखमलीसारखे बारीक तंतू असतात. अन्नातील सत्त्व तेच शोषून घेतात. शिगेला, कॅम्पायलोबॅक्टर, ई. कोलायचे काही प्रकार असे जंतू पुन्हा पुन्हा पोटात गेले की आतड्याला सूज येते आणि हे तंतू आखूड, बोथट होतात. खाल्लेले अंगी लागत नाही. उरलेली शक्ती सूज निस्तरण्यात जाते. आणि गंमत म्हणजे जुलाब होतीलच असे नाही! मूल हसते, खेळते, फक्त उंची थांबते.

तमिळनाडूतील वेल्लोरसह आठ देशांतील आठ ठिकाणी मुलांचा जन्मापासून दोन वर्षे पाठपुरावा झाला. जुलाब नसतानाही दर महिन्याला शौचाचे नमुने तपासले गेले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले, की हे जंतू ज्यांच्या पोटात वारंवार सापडले ती मुले दोन वर्षांची होईपर्यंत उंचीत मागे पडली होती. हे वंशाचे किंवा रक्ताचे दुखणे नाही, याचा पुरावा तर फार जुना आहे. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात कामाला आलेल्या धडधाकट अमेरिकन स्वयंसेवकांच्या आतड्यांतही असाच बिघाड आढळल्याचे १९६६ मध्ये डॉक्टरांनी लिहून ठेवले आहे.

आता आपल्या राज्याकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. आधीच्या फेरीत हा आकडा ३४.४ होता. म्हणजे आपण होतो तिथेच आहोत. राज्याने २००५ मध्ये कुपोषणाविरुद्ध मिशन सुरू केले, त्याला राजमाता जिजाऊंचे नाव दिले. जिजाऊंचे जन्मगाव सिंदखेडराजा याच जिल्ह्यातले.

जिल्ह्याच्या पाण्याची कथा आणखी निराळी. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडचा पूर्णेच्या खोऱ्यातला भाग खारपाणपट्टा. तिथे पिढ्यान्पिढ्या पाण्याची पारख जिभेवर होते : खारे ते वाईट, गोड ते चांगले. खाऱ्या पाण्याचे अपाय खरेच आहेत, पण जंतूंना चव नसते. गोड्या विहिरीचे पाणी स्वच्छ दिसूनही दूषित असू शकते. जिल्ह्याच्या इतर भागांत उन्हाळ्यात नळ कित्येक दिवसांआड येतो, मग ड्रम, टाकी, गुंड जे मिळेल ते भरून ठेवावे लागते. नळाला शुद्ध आलेले पाणीही घरात बिघडते ते तिथेच. दिवसभर त्यात ग्लास बुडतात, ग्लासाबरोबर बोटे बुडतात. झाकण आणि लांब दांड्याचे ओगराळे एवढ्याने बराच फरक पडतो. पाणी उकळायला गॅस परवडत नसेल तर क्लोरीनचे थेंब बाटलीवरच्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला पाण्याची क्लोरीन तपासणी कधी केली, आपल्या गावाला हिरवे कार्ड आहे की लाल, हे विचारायला लाजू नये.

दुसरी वाट अंगणातून येते. कोंबड्यांच्या विष्ठेत कॅम्पायलोबॅक्टर असतो, आणि रांगते बाळ हाताला लागेल ते तोंडात घालते. कोंबड्या विकून टाका असे आम्ही म्हणणार नाही. अंड्यांवर तर मुलांचे पोषण चालते. पण त्यांना रात्री घरात न घेता खुराड्यात ठेवणे आणि बाळाची चटई वेगळ्या जागी टाकणे जमण्यासारखे आहे. दुधाची बाटली आणि तिचे बूच मात्र घरातून काढूनच टाकावे. बूच नीट धुतले जातच नाही. वाटी-चमचा बरा.

सूरह बकरामध्ये दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. पहिले सहा महिने वरचे पाणी किंवा घुट्टीही नको, हे पटवताना मात्र सुनेची दमछाक होते. विदर्भाच्या उन्हाळ्यातही आईच्या दुधात बाळाला पुरेसे पाणी असते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेत हजारो घरांना संडास, साबण, क्लोरीन पुरवून प्रयोग झाले. बांगलादेशात जुलाब कमी झाले, पण उंची तिन्हीकडे वाढली नाही. याचा अर्थ हात धुणे वाया जाते असा नाही. वस्तीत सगळीकडे घाण असताना एका घराने कितीही धुतले तरी पुरत नाही, असा आम्ही तो घेतो. गटार, नळ आणि शौचकूप ही कामे नगरपालिकेची आणि पंचायतीची आहेत. ती न करता आयांना फक्त साबणाचे धडे देणे हा अन्याय आहे.

मग प्रतिजैविकाची बाटली पाजावी का? नाही. साध्या जुलाबात ओआरएस आणि १४ दिवस झिंक, सोबत अंगावरचे दूध व जेवण सुरू. शौचात रक्त दिसले, मूल सुस्तावले, पाणीही पोटात टिकेना, तर त्याच दिवशी डॉक्टर.

अंगणवाडीत वजन होते. उंचीही मोजून घ्यावी आणि कार्डावर लिहून मागावी. दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाची लांबी आडवे झोपवून ८१.७ सेंटिमीटरपेक्षा कमी, मुलीची ८० पेक्षा कमी भरली, तर ते मूल खुजे धरले जाते. पण तोवर थांबायचे कशाला? बारीक आहे एवढ्यावर न सोडता दर तीन महिन्यांनी मोजले, तर रेघ कुठे आडवी झाली ते पहिल्या वर्षातच कळते.