कौलारू घरावरचा सौरबंब

गेल्या श्रावणात गुहागरजवळ मामाच्या घरी गेलो, तर माजघरात तीन बादल्या आणि एक परात मांडून ठेवलेली. चाळीस वर्षांत हे घर कधी गळले नव्हते. मामी म्हणाली, "सोलरचं पाणी तापतंय रे छान. पण ते आता नळातूनही येतं आणि आढ्यातूनही."

सौरबंब त्याच वर्षी माघात बसला होता. बसवणाऱ्यांचा हात स्लॅबच्या घरांवर बसलेला. त्यांनी कौलांना ड्रिलने भोके पाडली, बोल्ट ठोकले, वर पांढरे सिमेंट थापले आणि पॅनेल, टाकी, सगळा सांगाडा त्यावर उभा केला. उन्हाळाभर सगळे ठीक होते. लोखंड उन्हाने पसरते आणि रात्री आकसते. भाजलेली माती आणि सिमेंट त्याच मापाने पसरत नाहीत. भोकाभोवती केसाएवढी चीर पडली आणि मृगाच्या पावसाने ती शोधून काढली.

न्हाणीतल्या चुलीवर हंडा तापवण्याचे काम बहुतेक घरांत बाईकडेच असते. झावळ्या आणि सोडणांचा धूर वर्षानुवर्षे छातीत गेला, की श्वासनलिकांचा जुनाट आजार जडतो. विडी कधी न ओढलेल्या बायकांनाही तो होतो. मामीचा खोकला सगळे घर ओळखते. तेव्हा सौरबंब काढून टाका, असे सांगणे मला पटत नाही. तो कुठे आणि कसा बसवायचा, एवढाच प्रश्न आहे.

त्यासाठी कौलाचे काम काय ते आधी बघू. मंगळूरला १८६५ मध्ये बासेल मिशनने कारखाना काढला, तेव्हापासून हे चपटे, खाचांचे कौल पश्चिम किनाऱ्यावर पसरले. एक कौल साधारण अडीच किलोचे. ते रिपेवर नुसते टेकलेले असते, बहुतेक ठिकाणी खिळाही नसतो. वरच्या कौलाचे पाणी खालच्या कौलावर, तिथून त्याच्या खालच्यावर, असे ते वळचणीपर्यंत उतरते. कौलाचे काम एवढेच. ओझे पेलतात ते वासे, आणि वाशांचे ओझे भिंती घेतात.

आता वजने पाहा. एका चौरस मीटरला चौदा-पंधरा कौले धरली, तर छपराचे स्वतःचे ओझे पस्तीस ते चाळीस किलो होते. दोन चौरस मीटरचे चपटे पॅनेल साधारण चाळीस किलोचे असते, म्हणजे चौरस मीटरला वीसच किलो. धडधाकट वाशांना ते जड नाही. जड आहे ती टाकी. चौघांच्या घराला शंभर लिटर पाणी लागते; ते शंभर किलो झाले, वर टाकी आणि सांगाडा धरून दीडशेच्या आसपास. आणि हे ओझे रात्रंदिवस चार पायांवर, म्हणजे दोन-तीन वाशांवर उभे. मामाच्या घराचा एक वासा चार महिन्यांत दोन बोटे वाकला होता.

म्हणून माझे मत असे, की कौलारू घरात टाकी छपरावर ठेवूच नये. पंप नसलेल्या संचात तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढते, त्यामुळे टाकी पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा उंचावर हवी, एवढीच अट असते. ती छपरावरच हवी असे कुठे आहे? न्हाणीच्या बुटक्या छपरावर पॅनेल ठेवावे आणि शेजारी जमिनीतून उभ्या केलेल्या चार पायांच्या लोखंडी मनोऱ्यावर टाकी. गार पाण्याची टाकी त्याहून वर. मधला नळ सतत चढता ठेवावा. कुठे खाली झुकला, तर हवा अडकून पाणी फिरायचे थांबते. पण हे चपट्या पॅनेललाच जमते. काचेच्या नळ्यांच्या नेहमीच्या संचात नळ्या थेट टाकीतच खुपसलेल्या असतात, त्यांना टाकीपासून वेगळे करता येत नाही. दुकानदार स्वस्त म्हणून नळ्यांचा संच पुढे करतो, तेव्हा हे आठवावे. शिवाय आमच्याकडे वानरे आहेत.

छपराचा उतार मात्र आपल्या बाजूने असतो. पाऊस झटपट वाहून जावा म्हणून कोकणातली छपरे तीसेक अंशांनी उतरती केलेली असतात. रत्नागिरीचे अक्षांश सतरा. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य तिथे पन्नासेक अंशच वर येतो. गरम पाण्याची खरी गरज तेव्हाच, आणि त्या उन्हाला साधारण चाळीस अंशांचा उतार सरळ सामोरा जातो. म्हणजे पाख दक्षिणेकडची असली, तर पॅनेल कौलांना समांतर टाकले तरी फारसे बिघडत नाही. वेगळा तिरपा सांगाडा तर टाळलेलाच बरा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडातल्या छपरांचे काय झाले ते सगळ्यांनी पाहिले आहे. उभा सांगाडा वाऱ्यात शिडासारखे काम करतो.

पॅनेल धरायचे कसे? भोक न पाडता. कौल वर सरकवायचे, खालचा वासा उघडा करायचा आणि त्याला जाड चपटा आकडा स्क्रूने आवळायचा. हा आकडा दोन कौलांच्या जोडातून बाहेर येतो आणि त्यावर पॅनेलची पट्टी बसते. वरच्या कौलाची खालची कड ग्राइंडरने किंचित घासली, की ते आकड्यावर नीट बसते. आकडा खालच्या कौलाला मात्र टेकता कामा नये. टेकला, की पहिल्या जोरदार वाऱ्यात कौल फुटलेच. नळ आत नेण्यासाठी एका कौलाच्या जागी त्याच आकाराचे पत्र्याचे कौल घालून त्याला नळी जोडून घ्यावी. त्याची वरची कड वरच्या कौलाखाली आणि खालची कड खालच्या कौलावर. सिलिकॉनच्या नळकांड्यापेक्षा ही रीत जास्त वर्षे टिकते. खाऱ्या हवेत आकडे स्टेनलेसचे हवेत. साधे लोखंड रंगवले तरी गंजते.

आणखी एक गोष्ट पावसाळ्यातच कळते. पॅनेलच्या वरच्या कडेला आंब्याचा पातेरा अडकतो, त्याचा बांध होतो आणि पाणी उलटे कौलांखाली शिरते. म्हणून पॅनेल आणि कौले यांत चार बोटे मोकळी ठेवावीत. पॅनेलखालची जुनी, भेगाळलेली कौले आधीच बदलावीत, कारण मग घर शाकारणाऱ्याचा हात तिथे पोचत नाही. खरे तर पॅनेल बसवणाऱ्याच्या आधी याच माणसाला बोलवावे. कुठला वासा वाळवीने पोखरलाय, हे त्याला टिचकीच्या आवाजावरून कळते. कौलांवर कुठे पाय द्यायचा, हेही तोच जाणतो. शहरातला पोरगा बूट घालून कौलाच्या मधोमध उभा राहतो आणि थेट माजघरात येतो. शिडी आडवी टाकून आणि कमरेला दोर बांधूनच वर चढू द्यावे.

मामाचा संच सुदैवाने चपट्या पॅनेलचा होता. दिवाळीनंतर टाकी मनोऱ्यावर गेली, पॅनेल न्हाणीवर आले आणि फुटलेली अकरा कौले बदलली. मार्चमध्ये पाणी एवढे कढत येऊ लागले, की नातवाने नुसता गरम नळ सोडू नये म्हणून तो वर, मोठ्यांच्या हाताच्या उंचीला घेतला. आषाढात चार-पाच दिवस ऊन दिसले नाही, की मामी अजून चूल पेटवते. मात्र आता ती न्हाणीबाहेर, पागोळ्यांच्या पलीकडच्या उघड्या पत्र्याखाली मांडली आहे.