शृंगारपूरचा विजय आणि वतनाचा प्रश्न

सावर्ड्याच्या आग्नेयेस, संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन पायथ्याशी वसलेले शृंगारपूर हे सतराव्या शतकात सुर्वे घराण्याच्या सत्तेचे ठाणे होते. जावळीचे मोरे आणि पालवणीचे दळवी यांच्याप्रमाणेच सुर्वेही नावाला विजापूरच्या आदिलशहाचे मांडलिक असले, तरी डोंगर, रान आणि घाटवाटा यांच्या आधाराने ही घराणी आपापल्या मुलखात राजासारखीच नांदत होती. शिवाजी महाराजांचे स्वराज्य याच मुलखाला भिडून वाढत होते आणि घाटमाथ्यावरून कोकणच्या बंदरांकडे उतरणाऱ्या वाटा या घराण्यांच्या हाती होत्या, त्यामुळे हा संघर्ष अटळ होता.

१६५६ मध्ये महाराजांनी मोऱ्यांची जावळी जिंकली; पाठोपाठ रायरी, म्हणजे पुढील रायगड, हाती आला आणि पारघाटावर नजर ठेवण्यासाठी प्रतापगड उभा राहिला. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून महाराज विशाळगडाकडे आले, तेव्हा आदिलशहाच्या वतीने सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी त्या गडाला वेढा घालून बसले होते. पुढच्या वर्षी उंबरखिंडीत मोगली फौजेचा पाडाव करून महाराज दक्षिण कोकणात उतरले आणि राजापूरकडे जाताना त्यांनी तानाजी मालुसरे व पिलाजी नीळकंठराव यांना संगमेश्वरी ठेवले. तेथे सूर्यरावाने रात्री छापा घातला. पिलाजी पळू लागला असता तानाजींनी त्याला दोरखंडाने दगडाला बांधले आणि स्वतः झुंजून छापा परतवला, असे वर्णन कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या समकालीन संस्कृत काव्यात आहे. त्यानंतर २९ एप्रिल १६६१ रोजी महाराजांनी शृंगारपूर घेतले; सूर्यराव आधीच पळून गेला होता.

मुलूख जिंकणे आणि तो सांभाळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. महाराजांनी शृंगारपुरी त्र्यंबक भास्कर यांना सुभेदार, म्हणजे प्रांताचा मुख्य अधिकारी, नेमले आणि सुर्व्यांच्या पदरी असलेल्या, सावर्ड्याजवळच्या कुटऱ्याच्या पिलाजी शिर्क्यांना आपलेसे केले. पिलाजींची कन्या येसूबाई संभाजीराजांना दिली गेली, तर महाराजांची कन्या राजकुंवर पिलाजींचे पुत्र गणोजी यांच्या घरी आली.

प्राचीन चीनच्या पश्चिम सीमेवरील छिन राज्यालाही जिंकलेला मुलूख सांभाळण्याचा हाच प्रश्न सोडवावा लागला होता. रोंग या सामान्य नावाने ओळखल्या जाणाऱ्या टोळ्यांशी शतकानुशतके झुंजत वाढलेल्या या राज्याने इ.स.पू. ३१६ मध्ये दक्षिणेकडील शू हे राज्य जिंकले आणि सुरुवातीला तेथील जुन्या राजवंशालाच मांडलिक म्हणून ठेवले. परंतु बंडाळी थांबेना, तेव्हा इ.स.पू. २८५ च्या सुमारास ती व्यवस्था मोडून तेथे राजाने नेमलेले अधिकारी आणले. इ.स.पू. २७२ मध्ये यीछू या बलाढ्य रोंग टोळीच्या राजाला ठार करून जिंकलेल्या मुलखातही असेच सुभे उभारण्यात आले.

वतनांच्या बाबतीत महाराजांचे धोरणही त्याच दिशेचे होते. वतन म्हणजे पिढीजात हक्काची वृत्ती. तिच्या जोरावर देशमुख रयतेकडून मनमानी वसुली करीत आणि बुरुजांचे वाडे बांधून राहत. महाराजांनी असे बुरूज पाडले, वसुली सरकारी कामगारांकडे सोपवली आणि वतनदारांना ठरावीक हक्क बांधून दिले, असे सभासद बखर सांगते.

तथापि वतनाची ओढ संपली नाही. १६८८ मध्ये शिर्के आणि संभाजीराजांचे विश्वासू कवी कलश यांच्यात लढाई जुंपली, तेव्हा संभाजीराजांना स्वतः धावून यावे लागले. आणि पुढे मोगलांशी झुंजताना राजाराम महाराजांना सरदारांना वतने देऊनच आपल्या बाजूला राखावे लागले. शृंगारपूर काबीज करण्यास एक मोहीम पुरली, पण वतनाच्या प्रश्नावर मात्र सोयरीक आणि शिस्त या दोन्ही उपायांनी कायमचा तोडगा निघाला नाही. म्हणून कोकणच्या या विजयाचे मोजमाप १६६१ च्या तारखेवर न थांबता पुढच्या तीस वर्षांच्या कारभारावरून केले पाहिजे.