तिग्रायचा आवाज परदेशातून

४ नोव्हेंबर २०२० रोजी इथिओपियाच्या उत्तरेकडील तिग्राय प्रांतात युद्ध पेटलं आणि फोन-इंटरनेट बंद पडलं. अमेरिका-युरोपात राहणाऱ्या तिग्रायी लोकांना आईवडील जिवंत आहेत की नाहीत, हेही कळेना. पत्रकारांनाही आत जाणं जवळजवळ अशक्य होतं. तेव्हा या परदेशस्थांनी ट्विटर गाठलं. अनेकांनी तर त्यासाठीच नवं खातं उघडलं.

त्यांची पद्धत समजून घेण्याजोगी आहे. स्वयंसेवक एका संकेतस्थळावर तयार मजकूर ठेवत. हॅशटॅग आणि संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी, परदेशी नेते, पत्रकार यांची नावं त्यात आधीच जोडलेली असत. बटण दाबलं की ट्वीट रवाना. आयुष्यात कधी ट्वीट न केलेल्यांनाही हे सहज जमे. पण नव्या खात्यांवरून एकसारखा मजकूर धडाधड येऊ लागल्यावर ही खातीच बनावट असल्याचा आरोप झाला. सरसकट केलेला हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. घरच्यांची खबर मिळत नसलेला माणूस दुसऱ्याचे शब्द वापरतो, म्हणून त्याचं दुःख खोटं ठरत नाही.

युद्धात तिग्रायविरुद्ध लढणाऱ्या इथिओपिया सरकारच्या बाजूच्या परदेशस्थांनीही हेच तंत्र उचललं. नोव्हेंबर २०२१मध्ये पाश्चात्त्य हस्तक्षेपाविरुद्ध त्यांची ‘नो मोअर’ मोहीम गाजली. जुनी, भलतीकडची छायाचित्रं दोन्हीकडून फिरली. त्याच महिन्यात ट्विटरने इथिओपियापुरता ‘ट्रेंड्स’ विभाग तात्पुरता बंद केला.

२ नोव्हेंबर २०२२ला दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियात युद्ध थांबवण्याचा करार झाला. त्यानंतर फोन हळूहळू सुरू झाले आणि कित्येकांना आप्तांच्या मृत्यूची बातमी तेव्हा कुठे समजली.